मलेशियाचा राजा, पोलंडचा राजा आणि आपली कोल्हापूरची गादी: निवड नेमकी कुठं होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मलेशियात दर पाच वर्षांनी राजा निवडतात, पोपला कार्डिनल लोक, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, मतदान करून निवडतात, मग मतदान करूनच माणूस बसवायचा तर त्याला राजा कशाला म्हणायचं, सरळ राष्ट्राध्यक्ष म्हणा की. आणि दुसरा भाग असा की आपल्या कोल्हापूरच्या गादीवर एवढे दत्तक आले, म्हणजे कुणीतरी बसून माणूस निवडलाच ना, मग कोल्हापूरला पण इलेक्टिव्ह मोनार्की, म्हणजे राजा निवडून बसवायची राजेशाही, धरायचं का. दुसरा भाग मला जास्त आवडला, पण त्याचं उत्तर पहिल्यातून जातं म्हणून आधी पहिला घेतो.

मी इथंच कोल्हापुरात कॉलेजला इतिहास शिकवतो, सकाळी डिग्रीची पोरं आणि संध्याकाळी एमपीएससीवाली. हा विषय निघाला की बहुतेकांचं लक्ष मतदानाकडं जातं. किती जणांनी केलं, गुप्त होतं का, मेजॉरिटी किती लागते. माझं मत असं झालंय की मतदान हा यातला सगळ्यात शेवटचा भाग आहे आणि बऱ्याचदा सगळ्यात कमी महत्त्वाचा. खरा निर्णय त्याच्या आधीच झालेला असतो, उभं कोण राहू शकतं या नियमात, आणि जुना राजा जिवंत असताना पुढचा ठरवता येतो की गादी रिकामी व्हायची वाट बघावी लागते या नियमात. म्हणून कुठलंही राज्य समोर आलं की मी पोरांना चार गोष्टी विचारायला लावतो: पात्र कोण, मत कुणाला, निवड कधी होते, आणि निवडून येणाऱ्याकडून काय कबूल करून घेतात. या चारांची उत्तरं देशागणिक आणि काळागणिक बदलतात, कागदावर एक आणि चालीत दुसरं असं पण भरपूर आहे, त्यामुळं एका वाक्यात 'इलेक्टिव्ह मोनार्की अशी असते' असं सांगता येत नाही.

मलेशियाचंच घ्या. तिथं १३ राज्यं आहेत, त्यातल्या नऊ राज्यांना स्वतःचे वंशपरंपरागत राजे आहेत, बहुतेकांना सुलतान म्हणतात. पेनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक या चार राज्यांना राजा नाही, गव्हर्नर आहेत, आणि त्या गव्हर्नरांना या निवडीत मत नाही. नऊ राजे एकत्र बसतात आणि आपल्यातल्याच एकाला पाच वर्षांसाठी यांग दी-पर्तुआन अगोंग, म्हणजे सगळ्या देशाचा राजा, निवडतात. मतदान एकदम गुप्त, मतपत्रिकेवर नंबर नसतो, सगळ्यांना एकसारखंच पेन, आणि मोजणी झाली की मतपत्रिका नष्ट करतात. नऊपैकी किमान पाच मतं पाहिजेत. एखाद्या राजाला नको असेल तर तो नाही म्हणू शकतो, अल्पवयीन असेल तर चालत नाही, आणि प्रकृतीमुळं किंवा दुसऱ्या कारणानं तो योग्य नाही असं पाच जणांनी गुप्त मतानं ठरवलं तर त्याचं नाव बाजूला होतं.

एवढं वाचलं की वाटतं जोरदार चुरस होत असेल. तसं नाही होत. कारण नावं क्रमानं येतात. पहिल्या फेरीत ज्येष्ठतेप्रमाणं सुरुवात झाली, १९५७ ला जोहोरचे सुलतान सगळ्यात ज्येष्ठ होते पण वयामुळं त्यांनी नकार दिला, त्यांच्यानंतर पहांगचे सुलतान होते त्यांना बाकीच्यांनी पुरेशी मतं दिली नाहीत, आणि मग नेगेरी सेंबिलानचे तुआंकू अब्दुल रहमान पहिले अगोंग झाले. नऊ राज्यांची एक फेरी पूर्ण झाली आणि १९९४ पासून परत नेगेरी सेंबिलानपासून तोच क्रम सुरू झाला: सेलांगोर, पर्लिस, तेरेंगानू, केदाह, केलांतन, पहांग, जोहोर, पेराक. आत्ता २०२४ पासून जोहोरचे सुलतान इब्राहिम आहेत. म्हणजे सभेत विचारतात ते 'कोण पाहिजे' नाही, 'याची पाळी आहे, हा चालेल का' असं विचारतात. हे मत निवडीपेक्षा नकाराधिकाराच्या जवळ जातं.

२०१९ मध्ये काय झालं ते बघा म्हणजे पात्रतेचा मुद्दा नीट कळेल. केलांतनचे सुलतान मुहम्मद पाचवे यांनी जानेवारीत मुदत संपायच्या आधीच अगोंगपद सोडलं. पुढची पाळी पहांगची. पण पहांगचे सुलतान अहमद शाह बरेच आजारी होते. मग पहांगच्या राजघराण्यानं आठवडाभरातच गादी त्यांचे पुत्र अब्दुल्ला यांच्याकडं दिली, ते १५ जानेवारीला राज्याचे सुलतान झाले, २४ जानेवारीला सभेनं त्यांना अगोंग निवडलं आणि ३१ जानेवारीला शपथ झाली. आता यात देशाचा राजा निवडला कुणी? कागदावर नऊ राजांनी. पण कुठलं नाव समोर येणार हे पहांगच्या घराण्यात ठरलं, आणि पाळी पहांगची होती हे फार आधीपासून ठरलेलं होतं.

तुमच्या पहिल्या भागाचं उत्तर इथंच आहे. राष्ट्राध्यक्ष आणि निवडलेला राजा यांत फरक मुदतीचा नसतो. पाच वर्षांची मुदत असून पण अगोंग राजाच आहे, कारण त्या खुर्चीवर नऊ घराण्यांच्या बाहेरचा माणूस जन्मभर प्रयत्न करून पण बसू शकत नाही, आणि मुदत संपली की तो माजी होऊन घरी बसत नाही, आपल्या राज्यात परत जाऊन सुलतान म्हणून राहतो. आपल्याकडं राष्ट्रपतीला ३५ वर्षं पूर्ण आणि लोकसभेला निवडून येण्याची पात्रता वगैरे लागते, घराणं लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत पण असंच, सात अमीर आपल्यातला एक अध्यक्ष पाच वर्षांसाठी निवडतात, त्याला नाव अध्यक्ष असं आहे, पण १९७१ पासून आजपर्यंत तो अबुधाबीचाच निघालाय. २०२२ ला १३ मे रोजी शेख खलिफा गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे भाऊ मोहम्मद बिन झायद यांची एकमतानं निवड झाली. नावात अध्यक्ष असून तो राजा आहे आणि मलेशियात मुदत असून तो राजा आहे, म्हणून नावावर आणि मुदतीवर जाऊ नका, पात्रतेची यादी बघा.

कंबोडियात अजून वेगळं. १९९३ च्या घटनेप्रमाणं राजा आजन्म असतो पण वारस नेमायचा त्याला अधिकार नाही. राजा गेला की सात दिवसांत सिंहासन परिषद नवा राजा निवडते, त्यात पंतप्रधान, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष-उपाध्यक्ष आणि बौद्ध भिक्खूंच्या दोन पंथांचे प्रमुख असतात. उमेदवार किमान ३० वर्षांचा आणि आंग दुओंग, नोरोदम किंवा सिसोवाथ या राजांच्या वंशातला पाहिजे. २००४ ला सिहानूक यांनी पद सोडलं तेव्हा परिषद कशी चालवायची याचा कायदाच झालेला नव्हता, तो घाईनं करून घेतला आणि नोरोदम सिहामोनी यांची निवड झाली. इथं राजघराण्यात उमेदवार भरपूर आहेत पण मतं जवळपास सगळी राजकारण्यांच्या हातात, म्हणजे सत्तेवरच्या पक्षाला न चालणारा राजा होणं अवघड.

आता मत कुणाला या गोष्टीकडं येतो. निवडणारे फार थोडे असतील तर काय होतं हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यात दूध संघाच्या इलेक्शनला ठरावधारक, म्हणजे मत असलेले मोजके लोक, किती जपले जातात, कुठं सहलीला नेले जातात, हे आपण बघतोच. मतदार थोडे आणि खुर्ची मोठी असली की एकेका मताची किंमत वाढत जाते. युरोपात पवित्र रोमन साम्राज्य होतं, मुख्यतः जर्मन भाषिक प्रदेशाचं, तिथं सम्राट निवडायचे. सम्राट चौथा कार्ल यानं १३५६ मध्ये 'गोल्डन बुल' नावाचा फर्मानवजा कायदा केला आणि मतदार सात ठरवून टाकले: माइन्झ, कोलोन आणि ट्रिअर इथले तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलाटिन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मार्ग्रेव्ह. चार मतं पडली की काम झालं. निवड फ्रँकफुर्टला. माइन्झच्या आर्चबिशपनं बाकीच्यांची मतं विचारायची आणि स्वतःचं सगळ्यात शेवटी द्यायचं, म्हणजे तीन-तीन झालं तर त्याच्यावर सगळं. आणि ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर पुढं फक्त ब्रेड आणि पाणी मिळणार असं त्यात लिहिलेलं होतं.

१५१९ ला सम्राट माक्सिमिलियन गेला तेव्हा दोन तगडे उमेदवार होते, त्याचा नातू स्पेनचा राजा कार्लोस आणि फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा. दोघांनी सात मतदारांवर पैसा ओतला. कार्लोसच्या बाजूनं जवळपास साडेआठ लाख गिल्डर खर्च झाले असं मानतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त आउग्सबुर्गच्या फुगर नावाच्या सावकार घराण्यानं कर्जाऊ दिले. कार्लोस निवडून आला, पाचवा कार्ल म्हणून. पण पोरं बऱ्याचदा पैशापाशीच थांबतात, पुढचं वाचत नाहीत. मतदारांनी पैसे घेतलेच, शिवाय त्याच्याकडून करारनामा सही करून घेतला की परदेशी सैन्य साम्राज्यात आणणार नाही, पदं जर्मन लोकांनाच देणार, आणि कारभार जर्मन किंवा लॅटिनमध्ये चालवणार. इथून पुढं प्रत्येक सम्राटाकडून असा करारनामा घ्यायची पद्धतच पडली. पैसा एकदाच मिळतो आणि संपतो, करार मात्र त्याची सत्ता आहे तोवर त्याला बांधून ठेवतो. निवडणाऱ्यांना बहुतेक वेळा राजा फार बलवान झालेला नको असतो.

हेच अफगाणिस्तानात दिसतं, आणि हे उदाहरण मी मुद्दाम घेतो कारण पानिपतामुळं आपल्याला तो माणूस माहीत आहे. अहमदशहा अब्दाली काही राजाचा मुलगा नव्हता. १७४७ ला नादिरशहाचा खून झाला, सैन्य फुटलं, आणि कंदाहारजवळ पठाण टोळ्यांच्या सरदारांची जिरगा बसली, तिथं त्याला निवडलं. सांगतात की बरेच दिवस एकमत होत नव्हतं, शेवटी साबिर शाह नावाच्या फकिरानं त्याच्या पगडीत धान्याची लोंबी खोवली आणि हाच राजा म्हणून जाहीर केलं. लोंबीची गोष्ट नंतर रंगवलेली असू शकते. पण त्यामागचं गणित खरं वाटतं: अब्दालीचं सदोझाई कुळ मानाचं होतं पण माणसाबळानं लहान होतं, आणि बारकझाई कुळाचा हाजी जमाल खान हा जास्त ताकदवान सरदार होता. मोठ्या सरदारांनी मानाचा पण आपल्या डोक्यावर न बसणारा माणूस निवडला. तो पुढं १७६१ ला पानिपतापर्यंत आला हे त्या सभेत बसलेल्या कुणाच्या मनात पण नसणार.

पोपची निवड सगळ्यांना माहीत असते म्हणून थोडक्यात घेतो, पण त्यातला एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. व्हॅटिकन हे राज्य आहे आणि पोप त्याचा सर्वसत्ताधीश, त्यामुळं ही पण इलेक्टिव्ह मोनार्कीच. मत ८० वर्षांखालच्या कार्डिनलांना. ११७९ पासून दोन तृतीयांश मतं लागतात. १२६८ ते १२७१ अशी जवळपास तीन वर्षं इटलीत विटेर्बो गावात निवड रखडली, गावकऱ्यांनी कार्डिनलांना कोंडलं, जेवण कमी केलं, तरी उशीर लागला तो लागलाच. जो शेवटी निवडून आला त्या दहाव्या ग्रेगरीनं १२७४ ला नियमच केला की कोंडूनच बसवायचं आणि दिवस जातील तसं जेवण कमी करत न्यायचं.

आता तो नियम. १९९६ ला दुसऱ्या जॉन पॉल यांनी अशी सूट ठेवली की ३० च्या वर फेऱ्या होऊन पण निकाल लागला नाही तर कार्डिनलांना साध्या बहुमतावर जाता येईल. वरवर बघता सोय वाटते. पण विचार करा, ज्या गटाकडं पहिल्याच दिवशी निम्म्यापेक्षा एक जास्त मत आहे तो दुसऱ्यांशी बोलणी कशाला करेल? तो नुसता वेळ काढेल, शेवटी आपलंच होणार म्हणून. दोन तृतीयांशची अट असते तेव्हा विरोधी गटातले काही जण वळवावेच लागतात, म्हणजे सगळ्यांना थोडाफार चालणारा माणूस शोधावा लागतो. सोळाव्या बेनेडिक्ट यांनी २००७ ला ती सूट काढून टाकली आणि दोन तृतीयांश परत आणलं. मे २०२५ ला १३३ कार्डिनल होते, म्हणजे ८९ मतं लागत होती, तरी दुसऱ्याच दिवशी चौथ्या फेरीत लिओ चौदावे निवडून आले. अट कडक असली म्हणजे उशीर होतोच असं नाही. आणि इथं पण यादी बघायची: नियमानं बाप्तिस्मा झालेला कुठला पण पुरुष पोप होऊ शकतो, पण कार्डिनल नसलेला शेवटचा पोप १३७८ ला झाला. शिवाय कार्डिनल नेमतो कोण? आधीचा पोप. त्याला वारस ठरवता येत नाही पण मतदार ठरवता येतात.

आता निवड कधी होते हा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात जास्त याच्यावरच अवलंबून असतं आणि पुस्तकात याला दोन ओळी पण मिळत नाहीत. फ्रान्स बघा. ९८७ ला ह्यू कापेट हा सरदारांनी निवडून दिलेला राजा होता. त्यानं त्याच वर्षी आपल्या मुलाचा, रोबेरचा, राज्याभिषेक करून घेतला. मुलानं तेच केलं, नातवानं तेच केलं. प्रत्येक वेळी सरदारांची संमती विचारली जायचीच, पण ती राजा समोर बसलेला असताना, सैन्य आणि खजिना त्याच्या हातात असताना. अशा वेळी नाही म्हणणार कोण? ११७९ ला दुसऱ्या फिलिपचा अभिषेक असाच बाप जिवंत असताना झाला, आणि फिलिपला स्वतःच्या मुलासाठी हे करायची गरजच वाटली नाही. दोनशे वर्षांत निवडीचा हक्क कुणी काढून घेतला नाही, तो वापर न होता विरून गेला.

पवित्र रोमन साम्राज्यात निवड कायद्यानं शेवटपर्यंत, १८०६ पर्यंत राहिली, पण तिथं पण सम्राट जिवंत असताना पुढचा माणूस 'रोमनांचा राजा' म्हणून निवडून ठेवायची सोय होती. माक्सिमिलियनला १४८६ ला बाप असतानाच निवडलं, पाचव्या कार्लचा भाऊ फर्डिनांड १५३१ ला कार्ल असतानाच निवडला गेला. परिणाम काय, १४३८ पासून १७४० पर्यंत सलग हाब्सबुर्ग घराण्याचेच सम्राट. दर वेळी मतदान झालं, करारनामे झाले, पण गादी घरातच राहिली.

आणि आता पोलंड, ज्यांनी हीच गोष्ट ओळखली आणि बंद केली. १५७२ ला यागिएलोन घराण्याचा शेवटचा राजा झिगमुंट ऑगस्ट निपुत्रिक गेला. त्याला स्वतःला १५२९ ला बाप जिवंत असतानाच निवडलेलं होतं, लहान पोर असताना, आणि तो अनुभव उमरावांच्या डोक्यात होता. त्यांनी ठरवलं की राजा जिवंत असताना पुढची निवड अजिबात होणार नाही. आणि मत? सगळ्या उमरावांना, श्रीमंत असो की एका शेताचा मालक. पोलंडमध्ये उमराव वर्ग मोठा होता, लोकसंख्येच्या आठ-दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे त्या काळातल्या युरोपात एवढा मोठा मतदार कुठंच नव्हता. १५७३ ला वॉर्सॉजवळच्या मैदानावर ४० हजारांच्या आसपास माणसं घोड्यांवरून, हत्यारासहित जमली आणि फ्रान्सच्या राजाचा भाऊ हेन्री निवडून आला. त्याच्याकडून कबूल करून घेतलं की गादी वंशपरंपरागत करायचा प्रयत्न करणार नाही, दर दोन वर्षांनी सेयम म्हणजे संसद बोलावणार, संमतीशिवाय नवीन कर नाही, आणि शब्द मोडला तर प्रजा त्याची आज्ञा पाळायला बांधलेली नाही. हे कलमवार लेखी होतं. १५७३ साली, म्हणजे आपल्याकडं शहाजीराजांचा जन्म पण व्हायचा होता. मला आजही हे वाचताना त्या माणसांचं मोठेपण जाणवतं.

पण हेन्रीनं वर्षभरात काय केलं? फ्रान्समध्ये भाऊ वारला, तिथली गादी मोकळी झाली, तर हा १५७४ च्या जूनमध्ये रात्रीतून पोलंडमधून निघून गेला. परत रिकामी गादी. आणि पोलंडची खरी दुखरी जागा ही रिकामी गादीच होती. राजा मेला की ग्निएझ्नोचा आर्चबिशप हंगामी कारभार बघायचा, महिनेच्या महिने निवडणूक चालायची, आणि तेवढ्या काळात शेजारच्या प्रत्येक दरबाराला माहीत असायचं की आता पैसे आणि सैन्य पाठवायची हीच वेळ. १५८७ ला दोन गटांनी दोन राजे निवडले आणि प्रश्न १५८८ च्या जानेवारीत लढाईवर सुटला. १६९७ ला परत दोन. १७३३ ला बहुसंख्यांनी स्तानिस्वाव लेश्चिन्स्की निवडला, तर रशियन सैन्याच्या जोरावर सॅक्सनीचा तिसरा ऑगस्ट बसला आणि त्याच्यावरून युरोपभर लढाई झाली. १७६४ ची शेवटची निवड तर रशियन फौज हजर असतानाच झाली.

मधे एका राजानं हा प्रकार थांबवायचा प्रयत्न केला होता. यान काझिमिएझ यानं १६६० च्या दशकात आपण असतानाच वारस निवडून घ्या म्हणून जोर लावला, तर सरदारांनी बंड केलं आणि त्यालाच १६६८ ला गादी सोडावी लागली. शेवटी ३ मे १७९१ च्या घटनेत पोलंडनं स्वतःहून गादी वंशपरंपरागत केली. फार उशीर झाला होता, १७७२ ला पहिली फाळणी झालीच होती, १७९३ आणि १७९५ ला उरलेलं पण गेलं.

यातून 'निवडणूक वाईट' असा निष्कर्ष काढू नका, बरेच जण तसा काढतात आणि तो चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. पोलंड बुडण्याला सेयममधला एकट्या सभासदाचा व्हेटो, अपुरं सैन्य, तीन बाजूंना वाढत गेलेली राज्यं अशी बाकी कारणं पण होती. निवडीपुरतं बोलायचं तर अडचण मतदानात नव्हती, अडचण अशी होती की दोन राजांच्या मधल्या दिवसांत राज्य सांभाळायला भक्कम व्यवस्था नव्हती. व्हेनिसमध्ये पण डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, निवडूनच यायचा, आजन्म, आणि १२६८ पासून त्यांची पद्धत अशी होती की चिठ्ठ्या टाकून ३० माणसं काढायची, त्यातून चिठ्ठीनं ९, त्या ९ नी ४० निवडायचे, चिठ्ठीनं त्यांचे १२, त्या १२ नी २५ निवडायचे, त्यातून चिठ्ठीनं ९, त्यांनी ४५, चिठ्ठीनं ११, आणि त्या ११ नी निवडलेल्या ४१ जणांनी डोज निवडायचा, किमान २५ मतांनी. वाचताना डोकं फिरतं, पण हेतू सरळ आहे, शेवटचे ४१ कोण असणार हे आधी कुणालाच कळत नाही, मग पैसे द्यायचे कुणाला? आणि डोज नसताना पण व्हेनिसच्या परिषदा रोजचं राज्य चालवतच होत्या. १७९७ पर्यंत हे चाललं. व्हेनिसला बरेच जण राजेशाही न म्हणता प्रजासत्ताकच म्हणतात, आणि घराण्याची अट नव्हती हे बघता ते बरोबर पण आहे, पण निवडीचं तंत्र शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण पण लक्षात ठेवा. बंगालमध्ये इसवी सन ७५० च्या सुमारास पाल घराण्याचा गोपाल. त्याच्या मुलाच्या, धर्मपालाच्या, खालिमपूर ताम्रपटात लिहिलंय की मात्स्यन्याय म्हणजे मोठा मासा छोट्याला खातो तशी अवस्था संपवायला 'प्रकृतीं'नी गोपालाला राजा केलं. यातले प्रकृती म्हणजे सामान्य प्रजा की मोठे सरदार-अधिकारी यावर वाद आहे, आणि ताम्रपट त्याच घराण्याचा आहे हे विसरायचं नाही. पण निवड एकदाच झाली, नंतर मुलगा, नातू असंच चाललं. म्हणजे पहिला राजा निवडलेला आणि घराणं मात्र वंशपरंपरागत, असं जगात सगळीकडं सापडतं.

थोडक्यात इथपर्यंतचं: यादी आधी बघा, मग मतदार, मग निवड कधी झाली, मग करार. आता कोल्हापूर.

आपल्या गादीवर दत्तक खरंच भरपूर झाले. दुसरे राजाराम महाराज दत्तक, ते १८७० ला युरोपातून परत येताना फ्लॉरेन्सला वारले. त्यांच्यामागं चौथे शिवाजी महाराज दत्तक, ते २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरला गेले. मग त्यांच्या राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक घेतले, तेच आपले राजर्षी शाहू महाराज, आणि २ एप्रिल १८९४ ला त्यांच्या हातात कारभार आला. पुढं १९४७ ला देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार, राजर्षींचेच मुलीकडून नातू, शहाजी महाराज म्हणून गादीवर आले.

चारही गोष्टी याला लावून बघा. यादी होती का? ठराविक नव्हती, नात्यातली मराठा घराणी विचारात घ्यायचे. मतदार कोण? असं मंडळच नव्हतं. दत्तक घ्यायचा हक्क राणीचा, सल्ला दरबारी मंडळींचा, आणि मंजुरी ब्रिटिश सरकारची, त्या मंजुरीत ताकद भरपूर होती कारण १८४८ ला सातारचा दत्तक नामंजूर करून त्यांनी राज्यच खालसा केलं होतं आणि ते कोल्हापुरात कुणी विसरलेलं नव्हतं. करारनामा? गादीवर येणाऱ्याशी निवडणाऱ्यांनी काही लिहून घेतलं असा प्रकार नाही. आणि वेळ? फक्त औरस वारस नसेल तेव्हाच. म्हणजे यशवंतरावांना पुष्कळ विचार करून निवडलं हे खरं, आणि ती निवड केवढी मोलाची ठरली हे आपण सगळे जाणतो, पण एकदा दत्तकविधी झाला की ते कायद्यानं मुलगाच झाले आणि मुलगा म्हणून गादीवर आले. निवडून आलेले म्हणून आले नाहीत.

एक गल्लत अजून करतात म्हणून सांगतो, २०२४ ला श्रीमंत शाहू छत्रपती लोकसभेला निवडून आले ते खासदार म्हणून, तिथं मत सगळ्यांना आणि उमेदवारी कुणालाही, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

फरक पक्का डोक्यात बसवायचा असेल तर नेगेरी सेंबिलान आणि कोल्हापूर शेजारी ठेवा. नेगेरी सेंबिलान हे मलेशियातलं असं राज्य आहे जिथं राज्याचा राजा पण निवडतात, चार उंदांग म्हणजे चार भागांचे प्रमुख मिळून निवडतात, त्यांना स्वतःला राजा होता येत नाही, राजघराण्यातलाच पुरुष निवडावा लागतो. १९६७ ला तुआंकू मुनाविर गेले तेव्हा त्यांचा मुलगा मुहरिझ एकोणीस वर्षांचा होता, उंदांगांनी त्याला बाजूला ठेवून मुनाविर यांचे भाऊ जाफर यांना निवडलं. २००८ च्या डिसेंबरात जाफर गेले, त्यांना मोठे कर्तेसवरते मुलगे होते, तरी उंदांगांनी त्यांना सोडून त्याच मुहरिझना राजा केलं, ४१ वर्षांनी. मुलगा समोर असताना पण 'हा नको, तो' म्हणायचा हक्क त्या चौघांकडं होता आणि त्यांनी तो दोनदा वापरला. कोल्हापुरात १८९७ ला राजर्षींना मुलगा झाला, राजाराम महाराज, आणि १९२२ ला राजर्षी गेल्यावर ते गादीवर आले तेव्हा दुसऱ्या कुठल्या नावाचा प्रश्नच आला नाही.